२:५९.०५ चा हिशेब आणि तालुक्याच्या मैदानावरचा ४×४०० रिले

मुरूम मैदान (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२३ ची बुडापेस्टची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आपल्याकडे नीरज चोप्राच्या ८८.१७ मीटरच्या सुवर्णफेकीनं लक्षात राहिली, आणि ते योग्यच आहे. पण विदर्भातल्या शाळांमध्ये खेळ शिकवणाऱ्यांनी त्या स्पर्धेतून काय उचलावं, असं विचाराल तर मी रिलेकडे बोट दाखवीन. भाल्याला एक नीरज जन्माला यावा लागतो. रिलेला चार बरी पोरं, एक नळी (बॅटन) आणि शिस्त लागते. एवढं सामान घाटंजी-आर्णीकडच्या कुठल्याही आश्रमशाळेत सापडतं.

आधी आकडे. २६ ऑगस्टला पुरुषांच्या ४×४०० रिलेच्या (चौघांनी पाळीपाळीनं ४०० मीटर) प्राथमिक फेरीत आपले मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल आणि राजेश रमेश याच क्रमानं धावले. वेळ २:५९.०५. जपानचा २:५९.५१ चा आशियाई विक्रम गेला आणि अमेरिका (२:५८.४७) अवघी ५८ शतांश पुढे राहिली. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम फेरीत आपण २:५९.९२ मध्ये पाचवे.

आता हिशेब बघा. २:५९.०५ म्हणजे १७९.०५ सेकंद. भागिले ४ केलं की एकेकाच्या वाट्याला ४४.७६ येतात. त्या वेळी ४०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम होता अनसचा ४५.२१, २०१९ चा. म्हणजे चौघांची सरासरीच राष्ट्रीय विक्रमापेक्षा जवळपास अर्ध्या सेकंदानं जलद! हे कसं होतं, आणि त्यातलं काय आपल्या मुरमाच्या २०० मीटरच्या मैदानावर आणता येतं, यावर जाणकारांनी लिहावं. मैदान आखण्यापासून लिहा. वाद घालायचा तर आकड्यांनी घाला.

स्टॉपवॉच

या जादा वेगाचं मोठं कारण म्हणजे धावती सुरुवात. पहिला धावपटू ब्लॉकमधून (पाय टेकायच्या ठोकळ्यांवरून) सुटतो, त्याला पिस्तुलाचा आवाज ऐकून हलायचं असतं आणि शून्यापासून वेग पकडायचा असतो. बाकी तिघांचं घड्याळ चालू होतं तेव्हा ते आधीच पळत असतात. या धावत्या सुरुवातीचा फायदा माणशी अर्धा ते पाऊण सेकंद धरतात.

०.६ धरून बघा. तिघांचे मिळून १.८ सेकंद. १७९.०५ मध्ये ते परत मिळवले की १८०.८५, आणि भागिले ४ म्हणजे ४५.२१. बरोबर अनसचा विक्रम! आकडा इतका तंतोतंत जुळणं हा योगायोग, पण अर्थ पक्का आहे: त्या रात्री चौघंही राष्ट्रीय विक्रमाच्या तोडीचं धावले आणि बॅटन देताना-घेताना त्यांनी जवळपास काहीच सांडलं नाही. त्यांचे प्रशिक्षक जेसन डॉसन जमैकाचे, आणि तिकडे रिले हा शाळेपासूनचा विषय.

दुसरं कारण म्हणजे समोर दिसणारी पाठ. एकट्यानं ४०० पळताना तिसऱ्या शंभरात पाय जड होतात तेव्हा मन ढिलं पडतं. रिलेत समोर अमेरिकेची जर्सी असते, तिच्यामागे माणूस ओढला जातो.

वऱ्हाडी पंच

राजेहो, हिशेब झकास. पण तालुक्याच्या मैदानावर तो धावती सुरुवातीचा फायदा पूर्ण मातीत जाते. पाहून पाहून पाठ झालं आहे: घेणारा पोट्टा रेषेवर खांबासारखा उभा, हात मागे केलेला, तोंड प्रेक्षकांकडे. येणारा दमलेला येऊन त्याच्या हातात नळी कोंबते. मग घेणारा शून्यातून पळते. तीन बदल, प्रत्येकी पाऊण सेकंद, म्हणजे सव्वादोन सेकंद गेले. जिल्ह्यात पहिल्या आणि चौथ्या संघात एवढाच फरक असते.

आणखी एक. ३० मीटरचा झोन (नळी द्या-घ्यायचा पट्टा) ४×४०० ला आखून ठेवतात, तो चूक आहे. त्याची शिक्षा पोरांले होते.

बॅटनची नळी

पंचभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं, त्यात भर घालतो. ४×१०० ला बदलाचा झोन ३० मीटरचा असतो. पूर्वी १० मीटर नुसता वेग घ्यायला आणि २० मीटर बदलाला असे होते, ते आता एकत्र केले आहेत. ४×४०० ला मात्र झोन २० मीटरच, रेषेच्या १० मीटर अलीकडे आणि १० मीटर पलीकडे. घेणाऱ्यानं झोनच्या आतूनच पळायला सुरुवात करायची. बाहेरून धावत आला तर संघ बाद.

झोनचा निर्णय बॅटनच्या जागेवर होतो, पायांच्या जागेवर होत नाही. घेणाऱ्याचा पाय झोनच्या पुढे गेला पण बॅटन आत असतानाच हातात आला, तर बदल बरोबर. बॅटन फक्त घेणाऱ्याच्याच हातात आला की बदल पूर्ण धरतात. तोवर पडला तर देणाऱ्यानंच उचलायचा. पोरं घाबरून दोघंही वाकतात आणि डोक्यावर डोकं आपटतं. "पडला तर कोण उचलणार" याचा सराव मुद्दाम बॅटन पाडून घ्या, आठवड्यात एकदा तरी.

बॅटनचं माप: लांबी २८ ते ३० सेंटीमीटर, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर (२ कमी-जास्त चालतो), वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी नको. विकत आणायची गरज नाही. शेतीच्या सामानाच्या दुकानात ४० मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा बाहेरचा व्यासच ४० मिमी असतो. २९ सेंटीमीटरचे तुकडे कापा, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं घासून गोल करा, नाहीतर तळवा कापतो. चमकदार रंग द्या, पिवळा किंवा लाल. एका मीटरच्या पाइपात तीन बॅटन निघतात. ठिबकच्या १६ मिमी नळीचा किंवा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा सरावालाही नको. बारीक वस्तूवर मूठ आवळायची सवय लागली की खऱ्या बॅटनवर पकड उघडी राहते.

पांढरी फक्की

मैदान आखण्याबद्दल लिहितो, कारण तिथंच सगळं बिघडतं. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांचं मैदान साधारण ९५ बाय ४५ मीटर असतं. त्यात २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक बसतो.

दोन सरळ बाजू ५० मीटरच्या घ्या. उरलेले १०० मीटर दोन अर्धवर्तुळांत. १०० भागिले ६.२८३२ म्हणजे धावण्याची त्रिज्या १५.९२ मीटर. पण मूल रेषेवरून धावत नाही, आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून धावतं असं नियम धरतो. म्हणून फक्कीची रेषा १५.७२ मीटर त्रिज्येनं मारायची. ही २० सेंटीमीटरची वजाबाकी विसरली की एका फेरीत सव्वा मीटर अंतर वाढतं, चार जणांच्या आठ फेऱ्यांत दहा मीटर. मग पोरांच्या वेळा जिल्ह्याच्या वेळांशी जुळत नाहीत आणि उगाच हिरमोड होतो.

आधी मधला आयत आखा: ५० मीटर लांब, ३१.४४ मीटर रुंद. काटकोनासाठी ६-८-१० मीटरची दोरी. मग दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५९.०६ मीटर यायला हवेत. पाच सेंटीमीटरच्या वर फरक आला तर खुंट्या हलवा, पुढं जाऊ नका. अर्धवर्तुळाचा मध्य म्हणजे आयताच्या रुंद बाजूचा मध्यबिंदू. तिथं लोखंडी खुंटी ठोका आणि तार बांधून फिरा. नायलॉनची दोरी उन्हात आणि ओढीनं लांबते. सकाळी मारलेलं अर्धवर्तुळ दुपारच्या अर्धवर्तुळाशी जुळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बांधकामाची बारीक तार किंवा स्टीलची टेप घ्या.

लेनची रुंदी १.२२ मीटर. चार लेन धरून बाहेरची एकूण लांबी ९१.२० आणि रुंदी ४१.२० होते. कळीचा चुना वापरू नका. तो उडाला की डोळ्यात आग होते, आणि पडलेल्या पोराच्या ओल्या गुडघ्याला भाजतो. फक्कीच घ्या.

मुरूम मैदान

फक्कीभाऊ, आभार. चार लेनचे टप्पे (बाहेरच्या लेनची सुरुवात किती पुढे) आणि २०० मीटरवर लेन कुठं तोडायची, तेही सांगा. इथं सगळ्यांचा घोळ होतो.

पांढरी फक्की

४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिला धावपटू संपूर्ण फेरी आपल्या लेनमध्ये धावतो, दुसरा पहिलं वळण लेनमध्ये काढतो आणि मग लेन सोडतो. म्हणजे तीन वळणं. २०० मीटरच्या मैदानावर पहिल्या धावपटूनंच पहिली दोन वळणं लेनमध्ये काढायची आणि दुसरं वळण संपलं की लेन तोडायची. पुढचे सगळे बदल मोकळ्या पट्टीत.

दोन वळणांसाठी टप्पा दर लेनला ७.६७ मीटर. दुसरी लेन ७.६७, तिसरी १५.३३, चौथी २३.००. बाहेरच्या लेनचा मुलगा ब्रेकनंतर (लेन तोडल्यावर) तिरपा आत येतो त्याचे चौथ्या लेनला १३, तिसऱ्या लेनला ६ सेंटीमीटर आणखी पुढे द्या. दुसऱ्या लेनला फरक नगण्य.

शेवटची रेषा वळणाच्या तोंडावर मारू नका. तसं केलं तर झोनचे शेवटचे दहा मीटर वळणात जातात, आणि १६ मीटर त्रिज्येच्या वळणावर मागे बघत बॅटन घेणं म्हणजे पडणं. रेषा सरळ भागात १२ मीटर मागे घ्या, मग पूर्ण २० मीटरचा झोन सरळ रेषेत बसतो. अशा वेळी चौथ्या लेनची सुरुवात १२ मीटर सरळ आणि ११.१३ मीटर वळणात येते. वळणातलं माप टेप सरळ ताणून घ्यायचं असेल तर ११.१३ ऐवजी १०.९८ ताणा, कारण टेप कमानीवरून जात नाही, आतून कापते. पंधरा सेंटीमीटरचा फरक आहे. वळणावर मापं घेताना त्या-त्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर टेप धरायची.

चौथा लेग

क्रमाबद्दल कुणी बोललं नाही. सगळीकडे ठरलेलं उत्तर असतं: सगळ्यात जलद शेवटी, सगळ्यात कच्चा दुसरा. बुडापेस्टला बघा, सगळ्यात अनुभवी अनस पहिला होता. पहिल्यानं लेनमध्ये जेवढी आघाडी दिली तेवढ्या मोकळेपणानं दुसरा ब्रेक घेतो. दुसरा मागे पडला तर ब्रेकनंतर तो गर्दीत कोंडतो, बाहेरून वळसा घालून पुढं जावं लागतं, आणि वळणावर एका लेनचं बाहेर धावणं म्हणजे अर्ध्या फेरीत सुमारे ३.८ मीटर जास्त.

म्हणून ४०० च्या ट्रॅकवर दुसऱ्या जागी कच्चा मुलगा टाकू नये, धीट मुलगा टाकावा. कच्चा तिसरा.

वऱ्हाडी पंच

चौथा लेग भाऊ, ४०० च्या ट्रॅकले हे खरं. पण वर फक्कीभाऊनं काय लिहिलं ते पुन्हा पहा. २०० च्या मैदानावर ब्रेक पहिलाच पोट्टा घेते. म्हणजे कोंडायची जागा पहिल्याच्या वाट्याले येते. तिथं सुटायले जलद आणि धक्क्याले न घाबरणारा पहिला हवा. कच्चा दुसरा चालते, कारण त्याच्या वेळेपर्यंत रांग लागलेली असते, त्याले फक्त आपली जागा धरून ठेवायची असते.

तालुक्याले जो क्रम जिंकवते तोच विभागाले सिंथेटिक ट्रॅकवर नेतात आणि मग दुसऱ्या लेगले (दुसऱ्याच्या पाळीले) संघ बुडते. क्रम मैदानाप्रमाणं बदलला पाहिजे. हे कोणी सांगतच नाही.

चौथा लेग

मान्य. हा फरक माझ्या लिहिण्यात सुटला होता. तालुक्याला पहिला-दुसरा-तिसरा-चौथा असा जो क्रम असेल, त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्याची विभागाला अदलाबदल करा, एवढ्यानं बहुतेक संघांचं काम होईल. पण सराव दोन्ही क्रमांनी झालेला असावा. कुणाकडून घ्यायचं हेच ऐन वेळी बदललं की पोरं चुकीच्या माणसाकडे बघत उभी राहतात.

स्टॉपवॉच

आता प्रत्यक्ष बॅटन बदल. ४×१०० मध्ये घेणारा मागे बघत नाही. ४×४०० मध्ये बघायलाच हवं, कारण येणारा किती दमला आहे हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

घेणाऱ्यानं डाव्या हातात घ्यायचं. छाती मैदानाच्या आतल्या बाजूला वळवायची, म्हणजे येणारा दिसतो, शेजारचे दिसतात आणि आतली रेषाही दिसते. येणारा पाच-सहा मीटरवर आला की निघायचं. तो लडखडत असेल तर तीन-चार मीटरवर येऊ द्यायचं. पहिली तीन-चार पावलं जोरात, मग मान मागे, डावा हात खांद्याच्या उंचीला, तळवा मागे उघडा, अंगठा वर. बॅटन देणाऱ्याच्या हातातून ओढून घ्यायचा. कुणी तो हातात ठेवील याची वाट पाहायची नाही. घेतल्यावर पाच-सहा पावलांत उजव्या हातात. हे राहून गेलं तर पुढचा बदल डाव्याकडून डाव्याकडे होतो आणि दोघांचे खांदे एकमेकांना आपटतात.

देणाऱ्याची चूक वेगळी असते. रेषा दिसली की तो सैल पडतो. त्याला सांगायचं, तुझी शर्यत झोनच्या शेवटच्या रेषेपर्यंत आहे, म्हणजे ४१० मीटर. बॅटन उभा धरून हात लांब करायचा, पण शेवटच्या दोन पावलांतच. दहा मीटर आधीपासून हात पुढे काढून धावणाऱ्याचा वेग तिथंच मरतो. दिल्यावर सरळ आपल्या रेषेत थांबायचं, बाजू मोकळी दिसल्याशिवाय मैदानात घुसायचं नाही. तुमच्या पोरामुळे दुसरा संघ अडला तर संघ बाद.

मोजायचं कसं? बॅटन झोनमध्ये शिरला की घड्याळ सुरू, बाहेर पडला की बंद. ५६ सेकंदांत चारशे पळणाऱ्या मुलांच्या संघात हे तीन सेकंदांच्या आसपास यावं. साडेतीनवर गेलं तर दोघांपैकी एक जण थांबला होता. कोण थांबला ते मोबाईलवर बाजूनं चित्रीकरण करून बघा, भांडण लगेच मिटतं.

रानातली वाट

अडवण्यावरून आठवलं. सप्टेंबर २०२५ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेत याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत बॅटन बदलताना झांबियाच्या धावपटूमुळे अमेरिका आणि केनिया अडले. दाद मागितल्यावर त्या दोघांनाच दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला दिलं. त्यातून अमेरिका अंतिम फेरीत गेली आणि बोट्स्वानाच्या मागे ७ शतांशांनी दुसरी आली (२:५७.७६ आणि २:५७.८३). जगातला सगळ्यात भक्कम संघ २० मीटरच्या झोनमध्ये घरी जायला निघाला होता!

शाळेच्या पातळीवर हे टाळायला उभं राहण्याची जागा शिकवा. तिसरा आणि चौथा धावपटू कुठं उभा राहील हे मनावर नसतं. येणारे शेवटच्या वळणात ज्या क्रमानं शिरतील त्या क्रमानं घेणारे आतून बाहेर उभे राहतात, आणि एकदा ठरलेली जागा पुढं कुणी कुणाला मागे टाकलं तरी बदलायची नाही. तालुक्याला सगळेच पहिल्या लेनमध्ये उभे राहायला धावतात. पंचांनी झोनपाशी एक माणूस फक्त एवढ्यासाठी ठेवला तर निम्म्या तक्रारी संपतील.

सावली ताई

मुलींच्या संघाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या शर्यतीत आपल्या मुली मुलांच्या कितीतरी आधी जगाच्या अंतिम फेरीत होत्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा, एम. डी. वलसम्मा, वंदना राव आणि शायनी अब्राहम सातव्या आल्या, ३:३२.४९. २००४ ला अथेन्समध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा सातव्या, आणि प्राथमिक फेरीत ३:२६.८९ चा राष्ट्रीय विक्रम. मुलींना रिले झेपत नाही म्हणून ४×१०० वरच समाधान मानणाऱ्या शाळांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

प्रत्यक्षातल्या गोष्टी: मापाची स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची वस्तू आहे, आणि ती खेळाच्या निधीतून घेता येते का हे मुख्याध्यापकांना सरळ विचारावं. केस घट्ट बांधलेले, वेण्या वर, कारण मागे बघताना वेणी हाताला लागते. सैल टी-शर्टाच्या बाहीत बॅटन अडकतो, बिनबाह्यांचा बनियन किंवा अंगाबरोबरचा शर्ट हवा. आणि हिमोग्लोबिन. मुलीची वेळ सराव चालू असूनही तीन आठवडे उतरतच राहिली तर तिला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

मुरूम मैदान

सावली ताई, हे फार महत्त्वाचं. पाळीच्या दिवसांत सराव कसा ठेवायचा?

सावली ताई

सर, सरसकट सुटी नको आणि जबरदस्तीही नको. मुलीला विचारायचं, आणि विचारायला शाळेत एखादी बाई असावी. त्रास नसेल तर नेहमीचा सराव. पोट दुखत असेल तर त्या दिवशी फक्त बॅटन बदल, पळणं निम्म्या वेगानं. संघातली तिची जागा त्या दिवशी दुसरीला देऊन टाकली की पुढच्या महिन्यात ती सांगणार नाही, लपवेल.

बॅटनची नळी

सरावाचं वेळापत्रक कुणी मागायच्या आधीच देतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथं आहे: रोज चारशे, रोज जोर लावून. दोन आठवड्यांत पोरांच्या नडगीच्या हाडाला कळ येते आणि पोरं मैदानावर यायचं टाळतात.

आठवड्यात तीनच दिवस जोराचे. सोमवारी ३०० मीटरच्या तीन धावा, सर्वोत्तम वेगाच्या नव्वद टक्क्यांनी, मधे आठ ते दहा मिनिटं चालत विश्रांती. बुधवारी बॅटन बदल पाऊण तास आणि ८० मीटरच्या सहा धावा. शुक्रवारी तुटक चारशे: २०० मीटर, तीस सेकंद थांबा, पुन्हा २००. मग बारा मिनिटं विश्रांती आणि आणखी एकदा. बाकी दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटं गप्पा मारता येतील अशा वेगानं पळणं, दोन दिवस पूर्ण सुटी. बॅटन बदल बुधवारी ताज्या पायांनी, पण शुक्रवारच्या शेवटी दमलेल्या पायांनीही चार वेळा घ्या. शर्यतीत तो दमल्यावरच द्यायचा असतो.

वेग वाटून धावणं २०० च्या मैदानावर शिकवणं सोपं, हा आपला फायदा आहे. प्रत्येकाच्या दोनच फेऱ्या. ५६ सेकंदांचं पोर पहिली फेरी २७ ला आणि दुसरी २९ ला काढेल तर बरोबर. पहिली २५ ला आली तर दुसरी ३२ ला जाणार, आणि शेवटच्या साठ मीटरमध्ये मान मागे पडते, खांदे कानाला लागतात. फेरी पूर्ण होताना रेषेपाशी उभं राहून मोठ्यानं वेळ ओरडा. आठवड्याभरात पोरांना पायातच घड्याळ बसतं.

रानातली वाट

मातीबद्दल दोन शब्द. काळ्या मातीत आखलेला ट्रॅक दिवाळीनंतर भेगाळतो, भेगेत पुढचा पाय अडकून घोटा मुरगळतो. किमान आतल्या दोन लेनवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या. मुरूम चाळलेला हवा, सुपारीएवढा खडा अनवाणी पायाला लागला की पोर वळणावर पाऊल चोरतं. पावसाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा येतात तेव्हा काळ्या मातीवर बदलाचा सराव करूच नका, शाळेच्या व्हरांड्यात चालत-चालत करा. हाताची सवय तिथंही लागते.

आणि स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट. वर्षभर अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटांवर पळणारं पोर विभागाला जाऊन पहिल्यांदा सिंथेटिकवर स्पाइक घालतं, प्राथमिक फेरी चांगली पळतं आणि अंतिम फेरीला पोटऱ्या दगड होतात. आधी किमान पाच-सहा वेळा स्पाइक घालून मुरमावरच ६०-८० मीटरच्या धावा करून घ्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले शिक्षक विदर्भभर पसरले आहेत. आपल्या भागातल्या अशा एखाद्या सरांना मैदान आखतानाच बोलवा, ते हात राखून सांगत नाहीत.

स्टॉपवॉच

पोटऱ्यांवरून पाचव्या मुलाची गोष्ट निघायलाच हवी. मे २०२४ ला बहामासच्या जागतिक रिले स्पर्धेत आपल्या पुरुष संघाची पहिली फेरी अर्ध्यावर संपली, कारण राजेश रमेशला पेटके आले. दुसऱ्या दिवशी आरोकिया राजीव संघात आला, ३:०३.२३ लागले आणि पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळालं. राखीव धावपटू तयार नसता तर ते तिकीट गेलंच होतं.

तालुक्याचा राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. तसं नको. पाचव्यानं सगळ्या चारही जागांवर बॅटन घेतलेला-दिलेला असावा, आणि शर्यतीआधी त्यानंही पूर्ण अंग गरम करावं.

वऱ्हाडी पंच

पेटक्याचं अर्धं कारण सकाळच्या खाण्यात असते, राजेहो. स्पर्धेच्या ठिकाणी उतरले की पोट्टे तर्री-पोहे हाणतात, वरून गार सरबत. शर्यतीच्या तीन तास आधी साधे पोहे किंवा भाकरी-गूळ, एक केळं. तर्री शर्यतीनंतर. पाण्यात मीठ-साखर: एक लिटरले सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले. घोट घोट प्यायचं, एकदम तांब्या नाही. आपल्याकडे ऑक्टोबरातही दुपारी ऊन चटके देते, म्हणून संघाले रांगेत उन्हात बसवून ठेवू नका. नाव पुकारेपर्यंत झाडाखाली.

चौथा लेग

नियमाची एक शेवटची गोष्ट, कारण यानं पदकं हलतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र ४×४०० मध्ये आपण तिसरे आलो होतो, ३:१४.३४. श्रीलंकेचा संघ लेनच्या नियमभंगासाठी बाद झाला आणि आपल्याला रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेत पुरुष संघानं ३:०१.५८ मध्ये सुवर्ण घेतलं, १९६२ च्या जकार्तानंतर पहिल्यांदा.

वळणावर आतल्या रेषेवर पाय पडणं हे २०० च्या मैदानावर जास्त होतं, कारण वळण अरुंद असतं आणि अंग आत ओढलं जातं. एखाद्या स्पर्शाला हल्लीच्या नियमात सवलत आहे, पण तालुक्याच्या पंचांकडून ती धरून चालू नका. सरावात आतल्या रेषेवर दर दोन मीटरला विटांचे तुकडे नको, पाय मोडेल. ओल्या पोत्याच्या पट्ट्या किंवा रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी ठेवा. पाय लागला की आवाज येतो, पोराला लगेच कळतं.

मुरूम मैदान

सगळ्यांचे आभार. फक्कीभाऊ, एकच राहिलं: आमच्या मैदानाची रुंदी ३९ मीटर आहे, चार लेन बसत नाहीत. त्रिज्या कमी करावी का?

पांढरी फक्की

त्रिज्या कमी करू नका, वळण आणखी अरुंद होईल. तीन लेन आखा, रुंदी २ × (१५.७२ + ३.६६) म्हणजे ३८.७६ मीटर लागते, बरोबर बसेल. बाजूला भिंत किंवा तारेचं कुंपण असेल तर मात्र बाहेरच्या लेनला एक मीटर तरी मोकळी जागा हवी, मग दोनच लेन. तीन संघ झाले तर शर्यत दोन हीटमध्ये (गटांत) घ्या आणि वेळेवर निकाल लावा. हाताच्या घड्याळानं वेळ घेताना दर संघाला तीन घड्याळं, मधली वेळ धरायची.